माझ्या पानावर नसलेले उत्तर

मित्रांनो, मी इंग्रजीचे एक जुने गाइड आहे. तुम्ही मला चांगले ओळखता, पण आज तुमच्याशी बोलताना माझी मान वर होत नाही.

छापखान्यातून मी थेट मनीषनगरात, चारुशीला मॅडमच्या शिकवणीत आलो. मॅडमनी मला गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेल्या जाड कापडाचे कव्हर शिवले. आर्टिकल कुठे लावायचे, काळ कसा बदलायचा, हे मुले माझ्याकडूनच शिकली. "गाइडात आहे म्हणजे बरोबरच," असे मॅडम म्हणत आणि मी फुगून जात असे.

मग ती दिव्याची कविता आली. खिडकीत दिवा ठेवून एक बाई वाट पाहते, एवढीच. माझ्या पानावर अर्थ छापला होता: दिवा हे आशेचे प्रतीक. सगळ्या मुलांनी तोच उतरवून आणला. एकट्या भैरवीने लिहिले होते, की ती बाई घाबरलेली आहे.

"हे कुठून आणलंस वं?" मॅडमनी विचारले.

"मनानं लिहिलं, मॅडम. माझे बाबा बुटीबोरीले कारखान्यात रात्रपाळीले जातात. ते येईपर्यंत आई गॅलरीतला लाइट बंद करू देत नाही. तिले भेव वाटते."

मॅडमनी माझे पान उघडून तिच्यापुढे धरले आणि तिच्या उत्तरावर लाल काट मारली. मुले हसली. भैरवी खाली मान घालून माझ्यावरून उतरवू लागली. तिचे बोट माझ्या ओळींवरून फिरत होते आणि मला मिटता येत नव्हते.

पुढच्या कवितेला तिने पाठ्यपुस्तक उघडलेच नाही. आल्या आल्या मला ओढून घेतले.

"आधी कविता तर वाच," मॅडम म्हणाल्या.

"काहून मॅडम? उत्तर तर यातच आहे."

मॅडमनी मला तिच्या हातातून काढून घेतले.

"त्या दिवशी तुझं उत्तर बरोबर होतं, भैरवी. मी चुकली," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "आता या कवितेत तुले काय वाटते, ते सांग."

भैरवी नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

मित्रांनो, व्याकरण अडले तर मला जरूर उघडा. कविता मात्र आधी एकट्याने वाचा आणि मनात येईल ते मला न विचारता लिहा.

परवा भैरवीने एक ओळ लिहिली आणि लगेच खोडली. ती ओळ माझ्यात कुठेच नव्हती.