जळका वास

माझ्या बायकोला गाडी लागते. ही गोष्ट आमच्या घरात इतकी जुनी आहे की तिच्यावर कुणी शंका घेत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिला मोठ्या हौसेने माझ्या बसमध्ये बसवून घाट दाखवायला नेलं होतं. चौथ्या वळणावर तिला उलटी झाली. तिथून पुढे अठ्ठावीस वर्षं मी तो घाट रोज चढलो आणि रोज उतरलो, पण ती पुन्हा आली नाही. 'रिटायर झालो की सावकाश दाखवीन,' असं मी तिला दरवर्षी सांगायचो. घाट माझा, बायको माझी, म्हणजे दाखवायचा मानही माझाच, अशी माझी भाबडी समजूत होती.

मी रिटायर झालो आणि तीन महिन्यांनी साडूने नवी गाडी घेतली.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, हीच तर अडचण. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. तो माझ्या बायकोला 'बेबी' म्हणतो. ती घरात धाकटी, म्हणून माहेरचं हे नाव. बावन्न वर्षांच्या बाईला बेबी म्हणायचा हक्क तिच्या बहिणीला आहे आणि या चष्मेवाल्याला आहे. मी एकदाच म्हणून पाहिलं होतं. ती इतकी हसली की मी पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. मला तो 'पायलट' म्हणतो.

"रविवारी घाटातून फिरून येऊ," तो म्हणाला. "बघण्यासारखे सात पॉइंट आहेत, मी मोबाइलवर यादी काढलीय. पायलट, तू मागे बसायचं. जन्मभर लोकांना नेलंस, आता जरा पाहुणा हो."

मी निश्चिंत होतो. बायको आता गाडी लागते म्हणणार आणि विषय संपणार.

"जाऊ या की, भाऊजी," ती म्हणाली.

जाऊ या की! अठ्ठावीस वर्षं माझ्या तोंडावर 'नको हो, पोटात ढवळतं' म्हणणारी बाई. तिचं राहू दे, तिथे माझ्याच पोटात दुखायला लागलं.

रविवारी सकाळी निघालो. पुढे साडू आणि ताई, म्हणजे त्याची बायको, मागे आम्ही दोघं. साडू घाटात ताशी तीसच्या वर जात नाही. वळण आतून घ्यायचं ते बाहेरून घेतो, आणि हॉर्न द्यायचा तिथे ताईकडे बिस्किट मागतो. गाडीला क्लचच नाही. क्लच नसलेल्या गाडीला मी गाडी म्हणत नाही, पण मला विचारतंय कोण! माझा उजवा पाय मात्र ऐकेना. प्रत्येक वळणावर तो आपोआप खाली दाबला जायचा. मागच्या सीटवर बसून मी इतके ब्रेक मारले की पायाखालचं मॅट गोळा होऊन पुढच्या सीटखाली गेलं.

चौथं वळण आलं तेव्हा मी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून तयार ठेवली. खरं सांगतो, मी वाटच बघत होतो. बायकोने काच खाली केली. म्हणाली, "काय वारा आहे नाही!"

मी पिशवीची घडी करून परत खिशात घातली.

पहिला पॉइंट म्हणजे माझी जुनी डोकेदुखी. तिथे लोकांच्या गाड्या निम्म्या रस्त्यात उभ्या असायच्या आणि मी हॉर्नवर हात ठेवून त्यांच्या सात पिढ्या काढत पुढे जायचो. तिथे कधी उतरलो नव्हतो. खरं तर कुठल्याच पॉइंटवर उतरलो नव्हतो. बसच्या वेळापत्रकात देखावा नसतो. दुरून डोंगर साजरे ही म्हण ज्याने काढली तो नक्की घाटातला ड्रायव्हर असणार.

साडूने गळ्यातली दुर्बीण काढली. "थांब बेबी, तुझा नंबर मला पाठ आहे," असं म्हणून त्याने ती तिच्या डोळ्यांच्या बेताने फिरवून दिली. ती कठड्याला टेकून बघत राहिली. मग वळून मला म्हणाली, "अहो, तो समोरचा सुळका कुठला?"

मला विचारलं! त्याला नाही, मला. आणि मला माहीत नव्हतं. पाणी रस्त्यावर कुठे झिरपतं, ट्रकवाले कुठल्या वळणावर आपली बाजू सोडतात, कुठे दुसरा गिअर टाकावाच लागतो, हे मी झोपेतही सांगितलं असतं. सुळका मी कधी पाहिलाच नव्हता.

साडूने शेजारच्या पाटीवर वाचून नाव सांगितलं, वर उंचीसुद्धा.

"तुम्हाला नव्हतं माहीत?" बायकोने साधेपणाने विचारलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तिसऱ्या पॉइंटवर तिने पर्समधून लिंबू काढलं. गाडी लागली तर हुंगायला म्हणून घरातून आणलेलं ते लिंबू तिने माझ्या डोळ्यांदेखत चिरलं आणि चौघांसाठी सरबत केलं. साडू दोन पेले प्यायला.

पाचव्या पॉइंटवर त्याने तिचा फोटो काढला. वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले होते, ती ते एका हाताने मागे सारत होती आणि हसत होती. मागे दरी, दरीपलीकडे निळे निळे डोंगर. ही बाई आणि हे डोंगर, दोन्ही अठ्ठावीस वर्षं माझेच होते, आणि दोघांना एकत्र आणलं एका चष्मेवाल्याने. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गाडीत बसताना मी म्हणालो, "थांबा. ब्रेकचा वास येतोय."

घाटातल्या ड्रायव्हरने हे म्हटलं की कुणी वाद घालत नाही. साडूचा चेहरा खर्रकन उतरला. "कसला वास?"

"जळका. तुम्ही सारखे ब्रेकवर पाय ठेवून चालवताय. पुढे सगळा उतारच आहे. किल्ली द्या."

वास कसलाही नव्हता. त्याने मुकाट्याने किल्ली दिली. ताई मागे बायकोशेजारी गेली आणि तो माझ्या शेजारी येऊन पट्टा लावून बसला.

आणि मग मी गाडी चालवली. उगाच नाही सांगत, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर उतार होता. समोर भरलेला पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. एकेक वळण असं सुटत होतं की साडू दोनदा 'वा' म्हणाला. त्याची 'वा' घेऊन मी काय करू? मी मागून काही ऐकू येतंय का याची वाट बघत होतो.

चौथ्या वळणावर ऐकू आलं. "अहो, थांबवा. लवकर थांबवा."

सहावा पॉइंट समोरच होता. मी गाडी थांबवेपर्यंत तिने दार उघडलं होतं. ताई तिची पाठ चोळत होती, साडू पाण्याची बाटली धरून उभा होता, आणि मी खिशातली पिशवी हातात घेऊन कशालाही उपयोगी न पडता उभा होतो.

"असू दे पायलट," साडू म्हणाला. "उताराला होतं असं. तुझी चूक नाही." त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती दोघं समोरच्या टपरीवर चहा आणायला गेली. मी बायकोशेजारी कठड्यावर बसलो.

"त्याच्या हातून पाच पॉइंट झाले, तुला काही झालं नाही," मी म्हणालो. "माझ्या हातून चार वळणं झाली आणि तुला गाडी लागली."

"मला गाडी लागत नाही," ती म्हणाली.

मी हातातली पिशवी तिच्यासमोर धरली.

"त्या वेळी बसमध्ये मी तुमच्या मागच्या सीटवर होते. तुमच्या डोक्यावर तो मोठा आरसा होता. त्यात तुमचं तोंड दिसत होतं. जबडा आवळलेला, ओठ पांढरे. एकदाही मान वळली नाही. चौथ्या वळणावर समोरून ट्रक अंगावर आला, तेव्हा तर मी तुम्हाला ओळखलंच नाही. आणि वर पोचल्यावर मला म्हणालात, 'काही नाही गं, रस्ताच आहे.' पोटात ढवळलं ते त्या तोंडाने. पुढे रोज तुम्ही डबा घेऊन निघालात की मला तो आरसा दिसायचा. परत येऊन तो बघायची माझी हिंमत नव्हती. गाडी लागते म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही."

"मग आज कशी आलीस?"

"आज भाऊजी चालवणार होते. तुम्ही माझ्या शेजारी असणार होता. पडलो असतो तर बरोबर पडलो असतो." ती तोंड पुसून जराशी हसली. "मग तुम्ही खोटं बोलून पुढे जाऊन बसलात, आणि आरशात बघते तर पुन्हा तेच तोंड."

"खोटं काय त्यात? वास येत..."

"अहो, अठ्ठावीस वर्षं तुमचे शर्ट धुतलेत मी. ब्रेकचा वास मला शिकवताय? जळत होतं खरं काहीतरी, पण ते ब्रेक नव्हते."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तर 'ते ब्रेक नव्हते' हे तीनच शब्द पुरले.

मी उठलो, टपरीपाशी गेलो आणि साडूच्या हातात किल्ली दिली. "तुम्हीच चालवा. ब्रेक चांगले आहेत."

"मग तो वास?"

"तो माझा होता," मी म्हणालो. त्याला काही कळलं नाही. त्याने बिचाऱ्याने माझ्या शर्टाकडे झुकून हुंगून पाहिलं. ताईला मात्र कळलं असावं, कारण तिला चहाचा ठसका लागला.

पुन्हा मी मागे बसलो. साडू पुन्हा तीसच्या वेगाने निघाला. "बेबी, आता बरं वाटतंय ना?" त्याने विचारलं, आणि माझ्या पोटात पुन्हा थोडं दुखलं. ते काही एका दुपारीत जाणारं दुखणं नाही.

पहिलंच वळण त्याने इतकं बाहेरून घेतलं की माझा उजवा पाय दाणकन खाली गेला. बायकोने चप्पल काढली, आपला पाय माझ्या पायावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"आता ब्रेक नका मारू," ती हळूच म्हणाली. "तिकडे बघा."

मी मान वळवली.