पेवातली ओळ

"पेवाच्या पोटामंदी, धनी, किती अंधार साठला…"

एवढंच. बाईचा गळा, शेवटच्या अक्षरावर वाकून थांबलेला, आडाच्या काठावरून कुणी आत डोकवावं तसा. पुढं काही नाही. मी लहान होते तेव्हाच आम्ही मंगळवेढं सोडलं. तिथलं माझ्यापाशी उरलं ते ही अर्धी ओवी, कडब्याचा वास आणि तळव्यांना चटके देणारी काळी माती.

सोलापुरात इतकी वर्षं ती ओळ गप्प होती. मला लेक झाली आणि ती उठून बसली. पाळण्याची दोरी ओढली की ओठांवर तीच यायची, आणि 'साठला' म्हटलं की ओळ तिथंच तुटायची. पोर टक्क डोळ्यांनी पुढच्याची वाट बघायची. मी दोरी सोडून चुलीशी जायची, तिथून दाराशी, दारातून परत पाळण्याशी. हातातलं काम हातात राहायचं.

"दुसरं काय तरी म्हण की," नवरा वैतागायचा. "शिनेमातलं म्हण."

दुसरं म्हणवत नव्हतं.

आई आमच्याजवळच राहायची. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. तिला विचारलं.

"मला काय ठावं? आसंल कुण्या शेजारणीचं."

"तू म्हणायचीस का?"

"माझा गळा फुटक्या मडक्यागत. मी कवा गायले गं?"

खरंच होतं. पंचमीच्या फेरातसुद्धा आई ओठ मिटून फिरायची. पण एवढं बोलताना तिच्या बोटात विडीचं पान टरकन फाटलं. आईच्या हातनं पान फाटत नाही.

त्या दिवसापासून माझा पाय घरात ठरेना. संक्रांत झाली तशी पोरीला काखेला मारून मी मंगळवेढ्याची एस. टी. धरली.

आठवणीतली गल्ली केवढी लांब होती! इथं तर श्वास घेईतो संपली. आमच्या घरात कुणी कडबा भरून ठेवला होता. मी कडी हलवत उभी, तोवर समोरच्या उंबऱ्यावरून हाक आली, "यारव्वा? कोन गं?"

कपाळभर विभूती लावलेली म्हातारी, ईरम्मा. जवळ येऊन तिनं माझी हनुवटी धरली. "आगं, बजाची लेक गोजर न्हवं का तू! नाक बापाचंच की!"

तिच्या ओसरीवर बसून मी ती ओळ म्हटली. निवडत होती ती ज्वारी ईरम्मानं बाजूला सारली.

"ही जात्यावरची न्हाय, लेकी. पेवावरची."

अंगणात एका फरशीकडं तिनं बोट केलं. "हितं खाली पेव हाय, दोन पुरुष खोल. बहात्तरच्या दुष्काळात रितं झालं, मग कुनी भरलंच न्हाय. ज्वारी काढाया गडी आत उतरायचा. कोंडलेली हवा लई वंगाळ. आदी दिवा सोडून बघायचे. पर मानूस आत गेल्यावर कसा हाय ते वरच्याला कसं कळावं? म्हनून तुझी आय वरनं एक ओळ म्हनायची, तुझा बाप आतनं दुसरी. उत्तर आलं की गडी बरा हाय."

"आणि नाही आलं तर?"

"तर दोर वढायचा."

पोर माझ्या पदराशी खेळत होती. ईरम्मा फरशीकडंच बघत होती.

"आई म्हणते, वडील तापानं गेले."

"म्हनू दे तिला."

"दुसरी ओळ काय होती, ईरम्मा?"

"साऱ्या गल्लीला ठावं हाय. पर ती तुझ्या बापाची. तुझ्या आयच्या, बजाच्याच तोंडनं ऐक. मी सांगायची न्हाय."

दिवेलागणीला घरी पोचले. आई दारातच.

"तान्हं लेकरू घेऊन कुटं गेलतीस गं?"

"मंगळवेढ्याला. ईरम्माकडं."

आई वळली. आत जाऊन तिनं सूप मांडीवर घेतलं. पोर किरकिरायला लागली तशी पाळण्यात घातली, दोरी धरली, आणि ओळ म्हटली. थांबले. पाळण्याची कडी करकरत राहिली.

परत म्हटली.

"गप की आता."

"झोपत नाही ती."

तिसऱ्यांदा म्हटली, आणि आईच्या मांडीवरचं सूप कलंडलं. विड्या साऱ्या घरभर.

"लई चेष्टेखोर होता," आई म्हणाली. भिंतीला सांगावं तसं. "मुद्दाम उशिरानं उत्तर द्यायचा. मी भिऊन वाकले की खालनं हसायचा. त्या दिशी बी वाटलं, चेष्टाच करतोय मेला. मी हसले. परत म्हटली. परत म्हटली. तू माझं लुगडं धरून हुबी. मग दोर वढला, तर दोर जड."

ती उठली. विड्या तुडवत पाळण्याशी आली. माझ्या हातातली दोरी तिनं काढून घेतली. पोर तिच्याकडं टक लावून बघत होती. आईनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग तो गळा आला, तोच, वाकून थांबणारा; पण आता तो वरून विचारत नव्हता, खालून सांगत होता:

"वर गोजर हसली, हितं उजेड भेटला."