पाखाडीच्या पायथ्याशी

मित्रांनो, मी बॅटरीवर चालणारी एक जुनी तीनचाकी गाडी आहे. वयाने तशी तीनच वर्षांची, पण उभी राहून राहून म्हातारी झाले. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी मला बनवले. माझा वेग हातात, ब्रेक हातात, सीट रुंद आणि मागे कुबड्या ठेवायला जागा. बनवणाऱ्याने सगळा विचार केलाय, असे मला तेव्हा वाटायचे.

एका संस्थेने मला पाच वर्षांच्या कराराने हातखंब्याजवळच्या एका वाडीतल्या रसिकाला दिले. गाडी संस्थेची, वापर रसिकाचा. वापरली नाही तर परत. रसिकाच्या पायांत जन्मापासून बळ नाही. अपंगत्वाचा दाखला तिच्याकडे होता आणि हातखंब्याच्या एका दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे कामही ठरले होते. तिथवर रोज पोचायचे कसे, एवढेच अडले होते.

पण माझ्यासाठी अर्ज भरतानाच घोटाळा झाला. "घरापर्यंत रस्ता आहे का?" संस्थेच्या माणसाने विचारले. रसिकाचे बाबा, जानू, छाती फुगवून म्हणाले, "हाय तर! जांभ्याची पक्की पाखाडी हाय. आमी वाडीवाल्यांनीच बांधलीय." माणूस बाहेरचा, त्याने 'होय' लिहिले. पाखाडी म्हणजे डोंगरउतारावरची पायऱ्यांची वाट, हे त्याला ठाऊक नव्हते. आणि पाखाडी म्हणजे रस्ता नव्हे, हे जानूबाबांच्या स्वप्नातही आले नव्हते. अर्जावर ग्रामपंचायतीचा शिक्का बसला आणि मी आले. बघते तर काय, समोर चौसष्ट पायऱ्या! मी खालीच, पायथ्याशी राहणाऱ्या सावित्रीकाकूंच्या पडवीत राहिले.

सुरुवातीला रसिकाचा भाऊ धम्मदीप तिला रोज पाठीवर घेऊन खाली आणायचा. मग ती आणि मी सुटायचो. ट्रक आले की ती हॉर्न वाजवून मोठ्याने हसायची. ते आठ महिने मी खरी जगले.

पुढे धम्मदीपला जयगडच्या बंदरात नोकरी लागली आणि तो तिकडेच राहू लागला. जानूबाबांनी एकदा तिला पाठीवर घेतले, पण शेवाळलेल्या पायरीवर दोघे पडले. दुसऱ्या दिवसापासून रसिका वर आणि मी खाली. दुकानात दुसरी मुलगी आली. काकूंच्या कोंबडीने माझ्या सीटवर अंडी घातली, तेवढा काय तो माझा उपयोग.

रसिकाने ग्रामपंचायतीकडे उताराचा रस्ता मागितला. उत्तर आले, 'आपल्या घरापर्यंत रस्ता असल्याची नोंद आहे.' नोंद कुठली? त्याच अर्जातली!

परवा संस्थेच्या नम्रता मॅडम तपासणीला आल्या. त्यांनी माझे किलोमीटर पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. तेवढ्यात रसिका दिसली. ती बसून, हातांवर भार देत, एकेक पायरी उतरत होती. खाली पोचायला तिला अर्धा तास लागला. तळहात सोलवटले होते.

"मॅडम, अर्जातलं 'होय' खोडायचंय," ती म्हणाली.

"अगं, रस्ता नाही असं लिहिलंस तर गाडी न्यावी लागेल. राहू दे तसंच. मी 'वापर कमी' लिहिते."

मित्रांनो, मी मनातून ओरडत होते, राहू दे, राहू दे! आज त्याची लाज वाटते.

"गाडी खाली ठेवून मी वर काय करू? कागदावर रस्ता आहे तोवर खरा कुणी बांधणार नाही." तिने 'होय' खोडले, 'नाही' लिहिले आणि सही केली.

तिच्यामागून उतरलेले जानूबाबा पायरीवर बसले. "माजाच चुकला गो."

"नाय बाबा. तुमच्या पायांना तो रस्ताच हाय."

मला टेम्पोत चढवले. आता संस्थेच्या शेडमध्ये, साखळीने बांधलेल्या सहा गाड्यांत मी सातवी आहे. मित्रांनो, आम्हाला पुसा, चार्ज करा, हे तर सांगतेच. पण कुणाला गाडी देताना फोटो काढण्याआधी एकदा त्याच्या दारापर्यंत जाऊन या. नाहीतर आम्हीही अडकतो आणि तोही.

टेम्पो निघाला तेव्हा रसिका घरी परतत होती. पायऱ्यांकडे पाठ करून, हातांवर स्वतःला उचलत. वळण येईपर्यंत ती तिसऱ्या पायरीवर पोचली होती.