खोट्या गावातला सौदा

साहेब, मी मेलो नाही म्हणून तुम्ही दोन चांगल्या माणसांना नापास केलंत. तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथं लिहीत नाही. वाचाल तेव्हा तुमचं तुम्हाला कळेल.

बाकीच्यांसाठी सांगतो. नगरच्या बाहेर माळावर लष्करानं एक खोटं गाव उभं केलं होतं. पत्र्याच्या झोपड्या, पाणी न येणारा हापसा, लिंबाखाली बसायला पार. पाच-सहा देशांचे सैनिक तिथं शांतिसेनेच्या सरावाला आले होते. परक्या मुलखात भांडण पेटलं तर मधे कसं उभं राहायचं, त्याची ती तालीम. तालमीला भांडणारी माणसं लागतात, म्हणून ठेकेदारानं आम्हाला काष्टीहून टेम्पोत घालून नेलं. सहादेव आणि बन्सी, दोघंही गुरांचे व्यापारी, दोन वैरी टोळ्यांचे म्होरके झाले, त्यात बन्सीची टोळी गुरं चोरणारी. सहादेवच्या बाजूची, जिची गुरं चोरीला गेली ती बाई म्हणजे आमच्या शेजारची रतनबाई. आणि मला मुडद्याचं काम मिळालं. बोलणी फिसकटणार, गोळीबार होणार, मी पडणार, सैनिक मला उचलून नेणार. रतनबाई म्हणाली, तुझ्याजोगतंच काम मिळालं, घरी तरी दुसरं काय करतोस.

परीक्षा दोन कॅप्टनांची होती, परीक्षक तुम्ही. एक रविराज, आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा, भाताच्या खाचरात वाढलेला. दुसरा म्वीम्बा, आफ्रिकेतल्या झांबिया देशाचा. हे दोघं आधी तिकडच्याच एका तिसऱ्या देशात शांतिसेनेच्या एका चौकीवर एकत्र होते. तिथंही माणसं गुरांवरून मरतात. रविराजनं सांगितलं, की पहिल्या पहिल्यांदा यांची गाडी दिसली की तिथले म्हातारे पाठ फिरवायचे. म्वीम्बा गाडीतून उतरायचा, बंदूक चालकाजवळ ठेवायचा आणि आधी गुरांची चौकशी करायचा, मग माणसांची. रविराज त्यांच्यात मांडी घालून बसायचा, मिळेल ते खायचा. असं करता करता वेळ अशी आली, की दोन गावांत कुरबुर झाली की माणूस चालत चौकीवर येऊन या दोघांनाच बोलवायचा. परीक्षेत पास झाले असते तर दोघं पुन्हा त्याच चौकीवर एकत्र जाणार होते. नापास झाले तर एक इकडं, एक तिकडं. पणाला लागलं होतं ते एवढंच, आणि ते तुम्हाला माहीत होतं.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी रविराज रीतसर सुट्टी घेऊन म्वीम्बाला काष्टीच्या गुरांच्या बाजारात घेऊन आला. म्वीम्बाच्या बापाचीही गुरं होती. त्यानं बन्सीच्या बैलाच्या तोंडात बिनधास्त हात घालून दात बघितले आणि मान हलवली. बन्सीला तो तिथंच आवडला. सहादेवनं त्याला आमची सौद्याची रीत दाखवली. टॉवेलाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. चारचौघांत कुणाचा आकडा उघडा पडत नाही, त्यामुळं कमी आकडा बोलणाऱ्याचीही लाज राहते आणि जास्त मागणाऱ्याचीही. मधला दलाल इकडचा आकडा तिकडं नेतो. शेवटी हातावर हात पडला, की सौदा झाला. मग तो मोडायचा नाही. मोडणाऱ्याशी बाजारात पुढं कोणी टॉवेल टाकत नाही. म्वीम्बानं हे सगळं दोनदा विचारून घेतलं. मग भेळ खाल्ली, तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, तरी आणखी मागितली.

परीक्षेच्या दिवशी सहादेव आणि बन्सी पारावर समोरासमोर बसले. सांगितल्याप्रमाणं आवाज चढवले. सहादेवनं बन्सीच्या सात पिढ्या काढल्या. खऱ्याच काढल्या बहुतेक, कारण बन्सीचं तोंड खरोखर उतरलं. मी झोपडीआड पडायच्या तयारीत उभा. तेवढ्यात म्वीम्बा मधे जाऊन बसला. त्यानं सहादेवच्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला, स्वतःच्या मनगटावर टाकला आणि हात पुढं केला.

सहादेवचा हात आपोआप गेला. आयुष्य बाजारात गेलेल्या माणसाला पुढं आलेला टॉवेल नाकारता येत नाही. म्वीम्बानं त्याचा आकडा घेतला, बन्सीकडं वळला, बन्सीनं बोटं दाबली. चोरलेल्या गुरांच्या बदल्यात किती जनावरं द्यायची, याची ती घासाघीस. मधे सहादेव चिडून उठला, तेव्हा रविराजनं हाताला धरून बसवलं आणि म्हणाला, आबा, चहा सांगितलाय, पिऊन उठा. चहा येईपर्यंत मिटलं. एक गाय, एक कालवड, रतनबाईला. हातावर हात पडला. गोळीबार करायला दडून बसलेली माणसं तशीच दडून राहिली आणि मी उभाच राहिलो.

तुम्ही शिट्टी वाजवलीत. म्हणालात, या दोघांनी गावकऱ्यांशी आधीच ओळख काढली होती, ही फसवणूक आहे. आणि गोळीबार झालाच नाही, तर जखमी-मेलेले कसे हलवतात याचे गुण कुठून द्यायचे. तरी तुम्ही एक संधी दिलीत, ते मी लपवत नाही. बैठक पुन्हा घ्या म्हणालात, या वेळी सौदा मोडा, मग पुढचं सगळं होईल आणि दोघं पास होतील.

सगळे सहादेवकडं बघायला लागले. तो टॉवेल झटकत होता.

"मोडायचा न्हाई," तो म्हणाला. "हातावर हात पडलाय."

तुम्ही समजावलंत, हे नाटक आहे. सहादेव म्हणाला, "भांडान नाटक हुतं, सायेब. हात आमचाच हाय."

मीसुद्धा त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की अरे या पोरांचं नुकसान होतंय, एकदा खोटं मोड म्हण. त्याला ते कळत होतं. त्याचा चेहरा बघवत नव्हता. रविराजनं म्वीम्बाला सगळं इंग्रजीत सांगितलं. म्वीम्बा सहादेवजवळ आला, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि जे बोलला ते रविराजनं आम्हाला मराठीत सांगितलं.

"तो म्हणतोय, आबांनी माझ्यासाठी शब्द मोडला, तर उद्या तिकडं मी कुणाला शब्द पाळायला कुठल्या तोंडानं सांगू? राहू द्या."

मग दोघांनी तुम्हाला सलाम ठोकला आणि नापास झाले. आरडाओरडा नाही, काही नाही. टेम्पोत परतताना केडगावला रतनबाईनं बन्सीला टोमणा मारला, की चोर म्हणून मात्र शोभलास हां.

पुढच्या शनिवारी बन्सी एक कालवड हाकत रतनबाईच्या दारात आला. ती म्हणाली, येडा का काय तू, ते खेळातलं हुतं. बन्सी म्हणाला, गाईचं दिवाळीनंतर बघू. ती कालवड आज तिच्या गोठ्यात आहे. येऊन बघा, रस्ता चांगला आहे.

आता रविराज एका कचेरीत बसून गाड्यांच्या डिझेलचा हिशोब बघतो. म्वीम्बाला दुसऱ्याच मुलखात धाडलं. दोघं फोनवर बोलतात, एकमेकांच्या पोरांची नावं त्यांना पाठ आहेत. त्या चौकीवर नवीन माणसं आली आहेत. ती हुशार असतील, पास झालेली आहेत. रविराज सांगतो, की ती गाडीतून उतरत नाहीत, तसा हुकूमच आहे.

साहेब, तुम्ही म्हणता ओळख म्हणजे फसवणूक. पाच-सहा देशांची माणसं तुम्ही इथं आणलीत, एका ताटात जेवायला घातलंत, एकमेकांचे झेंडे हातात देऊन फोटो काढलेत. ते कशासाठी होतं? ओळख व्हावी म्हणूनच ना? मग झालेली ओळख उपयोगाला आली, तेव्हा तुमचं पोट का दुखलं?

गेल्या महिन्यात तिकडच्या एका म्हाताऱ्यानं कुणाचा तरी फोन मागून रविराजला फोन लावला. पाणवठ्यावर दोन गावांची गुरं एकत्र आली आहेत, माणसं भाले घेऊन बसली आहेत, तुम्ही दोघं कधी येता, एवढंच त्यानं विचारलं. रविराजनं वरती कळवलं. वरून काही आलं नाही. म्हाताऱ्यानं परत फोन केला. रविराजनं उचलला नाही. सांगायला काही नव्हतं म्हणून उचलला नाही, आणि हे मला सांगताना तो रडला.

त्या म्हाताऱ्याचा फोन आला तो नंबर मी रविराजकडून घेतलाय. रविराज फोन उचलणार नसेल, तर मी लावीन. पण त्याला काय सांगायचं, ते तुम्ही सांगा. ते दोघं कधी येणार?