पहारीचा झाला क्लचचा दांडा

मित्रांनो, जीपच्या पोटाखाली कधी वाकून पाहिलंत? नसेलच. चिखल आणि ग्रीसमध्ये आमची आयुष्यं जातात, पण कुणी नावही विचारत नाही. मी क्लचचा एक जुना दांडा आहे. पण जन्माने मी पहार आणि मनाने अजून पहारच, म्हणून स्वतःला 'ती'च म्हणते.

जव्हारच्या लोहाराने मला घडवलं तेव्हा संस्थान होतं. मी भागीच्या हाती आले. भागी जंगलात सागाचे ओंडके लोटायची. चार गडी थकले की ती मला ओंडक्याखाली घालून अगदी टोकाला धरायची आणि ओंडका मुकाट्याने कूस बदलायचा. तिचा नवरा नवसू संस्थानच्या जीपवर ड्रायव्हर होता. संस्थान विलीन झालं, जीप सरकारी फिरत्या दवाखान्याकडे गेली आणि तिच्याबरोबर नवसूही.

एका उन्हाळ्यात पोशेरा गावच्या चढणीवर जीपच्या गिअरबॉक्सचे दात गेले. तसा दुसरा मिळेना. देवजी मिस्त्रीने लष्कराच्या मोडीतल्या ट्रकचा गिअरबॉक्स बसवायला घेतला. आता क्लच कुठला घालायचा? लहान प्लेटने पेडल मऊ राहील, पण भरल्या गाडीने ती चढणीवर घसरणार. ट्रकची मोठी प्लेट डोंगर ओढेल, पण तिचे स्प्रिंग असे ताठ की पेडल दाबताना घाम फुटावा. आणि नवसूचा डावा गुडघा बैलाने लाथ मारल्यापासून अधू होता. पेडल दाबता आलं नाही तर त्याला गाडीवरून काढून फाटकावर राखणीला बसवावं लागेल, असं दवाखान्याच्या डॉक्टरांनी नाइलाजाने सांगितलं होतं.

नवसूने लहान प्लेट मागितली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण तो म्हणाला, "मोठीच घाल, मिस्त्री. अडलेली बाई घेऊन गाडी मागं सरकली त मी कुणाला तोंड दावू?"

हे मी मागाहून ऐकलं आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

मिस्त्रीने मोठी प्लेट बसवली, पण नवसूच्या पायाला पेडल दबेना. तेवढ्यात भागी भाकरी घेऊन आली. मी तिच्या खांद्यावर होते. ती जीपखाली वाकली. पेडलपासून आलेली सळई एका वीतभर दांड्याला ढकलत होती आणि तो दांडा क्लच दाबत होता. भागीला हसूच फुटलं.

"एवढुसा दांडा? अरं मिस्त्री, ओंडका हलला नाय त आमी माणूस बदलीत नाय, पहार लांब धरतो!"

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "तीस वरसं पाने फिरवले, आन् अक्कल जंगलातून आली!"

त्या मापाचं लोखंड तिथे माझंच होतं. भागीने माझ्यावरून एकदा हात फिरवला, मला पुढे केलं आणि तोंड फिरवून उभी राहिली.

मिस्त्रीने हौसेने मला कापून हातभर लांब ठेवलं आणि त्या वीतभर दांड्याच्या जागी बसवलं. पेडल लोण्यासारखं मऊ झालं आणि नवसू खूश झाला. पण गिअर टाकताच अशी किंचाळी उठली की कोंबड्या कुंपणापार पळाल्या! पेडल खालच्या पत्र्याला टेकलं तरी क्लच सुटत नव्हता. जोर कमी लागला की चाल जास्त लागते, हे मिस्त्री विसरला होता. मग मला चार बोटं कापलं. पुन्हा किंचाळी. आणखी दोन बोटं कापलं आणि गिअर गपकन बसला. पेडल थोडं जड होतं, पण नवसूच्या पायाला झेपणारं होतं.

चौथ्या दिवशी पोशेऱ्याहून माघी नावाच्या बाईला आणायचं होतं. ती बाळंतपणात दोन दिवस अडली होती. ऐन चढणीवर एक म्हैस आडवी आली आणि गाडी थांबवावी लागली. माघी कण्हत होती. नवसूने दात आवळून पेडल दाबलं, मी सगळा जोर पुढे पोचवला. मग त्याने हलकेच पाय उचलला. जीप बोटभरही मागे न येता वर निघाली.

डॉक्टर म्हणाले, "नवसू, फाटकावर आता दुसरा माणूस बघतो." जव्हारला पोचल्यावर माघीला मुलगी झाली.

सात वर्षांनी नवी जीप आली. जुनी सुटी करून मोडीत काढली आणि मी दवाखान्यामागे गवतात गंजत पडले. फार वाईट वाटलं. पण एके दिवशी भागी आली, मला उचललं आणि म्हणाली, "ही त माझी पहार!" आता ती मला घेऊन रानात कंद खणते. नव्या जीपचं चाक चिखलात रुतलं की नवसूलाही मीच आठवते.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी तिला थोडं तेल लावून पाहा. तिच्या जोरावर कुणाचा तरी अधू पाय चढण चढत असेल. तेवढं सांगते आणि थांबते, कारण नवसू मला न्यायला आलाय आणि भागी दारातून ओरडतेय, "न्या, पन सांजेला परत आणा. कंद राहिलेत माझे!"