सगळ्यात खालची ओळ

मित्रांनो, मधे बोलू नका, नुसतं ऐका! मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे. म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगणाऱ्या चार ओळी, बस्स. टाकवे बुद्रुकच्या स्नेहलनं मला लिहिलं, ती लोणावळ्याला कॉलेजात होती तेव्हा. माझं काम एकच. फाइलीत एका ओळीवर एक नाव असतं, त्या ओळी मोजायच्या आणि न बघता कुठलीही एक उचलायची.

कशाला? तर भात झोडायचं मशीन गावात एकच. रोज एका घरी जायचं. आधी डब्यात चिठ्ठ्या टाकायचे, तर चिठ्ठ्या दुमडल्या कुणी यावरून भांडणं! मग मी आले. स्नेहलचे आजोबा, दत्तोबा, सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला ना भावकी, ना सोयरीक. हिचंच ऐकायचं." काय फुगले होते मी!

निघालेलं नाव स्नेहल पुसायची, दुसऱ्या दिवशी उरलेल्यांतून पुन्हा एक. सावळाभाऊ वरच्या ठाकरवाडीतून चालत यायचा, पोचेपर्यंत बाकीची नावं लिहून झालेली असायची, म्हणून त्याचं नाव दर वर्षी सगळ्यात खाली. लॅपटॉपला हात जोडायचा. "आज तरी मला काढ गं बाय, भात कापून पडलंय." मी दुसऱ्यालाच काढायचे. लोक हसायचे, "सावळ्या, तुजं नशीब लय लांबून चालत येतं रं!"

यंदा कापणीनंतर पाऊस आला. तो रोज हात जोडायचा, मी रोज दुसरं नाव द्यायचे. शेवटी दर वर्षीसारखा तो एकटाच उरला. एकच नाव उरलं की मला कुणी चालवायचंच नाही, मशीन सरळ त्याच्याकडे जायचं.

"दाब की, बघू तरी माजं नाव कसं दिसतं," तो म्हणाला.

स्नेहलनं हसत मला चालवलं. आणि मी म्हणाले, ओळी शून्य! नाव समोर दिसतंय, आणि मी म्हणतेय शून्य!

स्नेहलचं हसू मावळलं. ओळीच्या शेवटी एंटर दाबलं तरच ती ओळ माझ्या मोजणीत येते, आणि शेवटच्या नावानंतर तिनं कधी दाबलंच नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं त्याचं नाव निघणं शक्यच नव्हतं. मित्रांनो, तोंड असतं तर लपवलं असतं मी.

तिनं नावापुढे एंटर दाबलं आणि मला पुन्हा चालवलं. लगेच उमटलं, सावळा.

"आलं की!" त्यानं मूठ उघडली. भाताच्या दाण्यांना पांढरे मोड फुटले होते. "उशीर झाला, पन आलं. आमचं नशीबच तसं, तू काय करनार?"

"भाऊ, नशीब न्हाई ते..." स्नेहल बोलायला लागली.

"गप, पोरी," आजोबा हळूच म्हणाले. "परत चिठ्ठ्यांची भांडणं पायजेत का तुला?"

तिनं लॅपटॉप मिटला. सावळाभाऊनं निघताना मला पुन्हा हात जोडले.

मला तर तिथं नाव आणि आकडा सोडून काही बोलताच येत नाही. तुम्ही स्नेहलच्या जागी असता, तर काय केलं असतं?