मसुराचं पाणी

न हलणारी चूल, रविवारी बायकोच्या हातचं जेवण आणि मनात येईल तेव्हा रिकामं करता येणारं सिंक. काय्याओ बंदराच्या धक्क्यावरच्या आमच्या संशोधन संस्थेच्या खानावळीत मुख्य आचाऱ्याची जागा मिळाली, तर आमच्या जहाजाचा आचारी कासिमिरो यार्लेके याच्या पदरात एवढं पडणार होतं. पगार तोच, डोक्यावरची टोपीही तीच. तरी बढती मिळावी तसा तो त्या जागेबद्दल बोलायचा, आणि तिन्हींतलं सिंक नेहमी आधी सांगायचा.

"हसा लेको," भांड्यांचा ढीग सरकवत तो म्हणायचा. "तुम्हाला काय कळणार. बावीस वर्षं मी लघवी आवरावी तसं सिंक आवरतोय."

त्याचं खोटं नव्हतं. आमचं जहाज समुद्राचं पाणी तपासत फिरतं. ठरलेल्या जागी थांबायचं, बाटल्यांचा पिंजरा खोल सोडायचा, वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी भरून वर काढायचं आणि त्यात खत किती, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव किती, ते मोजायचं. जहाज बांधणाऱ्या शहाण्यानं भटारखान्याची मोरी नेमकी पिंजरा सोडायच्या बाजूला काढून ठेवली होती. म्हणून जहाज थांबायच्या आधी वरून, जहाज चालवायच्या ब्रिजवरून, भटारखान्यात उस्तादाला, म्हणजे आमच्या माएस्त्रोला, फोन यायचा. "माएस्त्रो, बूच!" पिंजरा वर येऊन दुसरा फोन येईपर्यंत कासिमिरोनं सिंकचं बूच काढायचं नाही. कढईतलं तेल थिजो, ताटांवरचं खरकटं वाळो, तो आपला हाताची घडी घालून उभा. पुन्हा जहाज हललं की भांडी धुवायला घ्यावीत, तर पुढची जागा आलेली असायची.

खानावळीची जागा कुणाला द्यायची ते सफरीचे प्रमुख शास्त्रज्ञ डॉक्टर आर्बुलू यांच्या शब्दावर होतं. डॉक्टर दोनदा वाढून घेत, पण चांगलं झालंय असं कधी म्हणत नसत. त्या सफरीत तर त्यांचं डोकं ठिकाणावरच नव्हतं. उत्तरेकडून गरम पाणी उतरलं होतं. एरवी आमच्या किनाऱ्यालगतचा थंड प्रवाह तळातलं खत वर आणतो, त्यावर प्लवक पोसतात, प्लवकांवर आंचोवेता मासळी पोसते आणि मासळीवर अर्धा किनारा. गरम पाणी आलं की ते भांड्यावर झाकण बसावं तसं बसतं. खत खाली, ऊन वर, दोघांची गाठ पडत नाही. रोज बाटल्या वर येत होत्या आणि वरच्या पाण्यात खत शून्य निघत होतं.

"शून्य म्हणजे काही शोध नव्हे," डॉक्टर जेवताना म्हणत. "किनाऱ्यावर मी काय सांगू? समुद्र रिकामा आहे?"

"आहेच की रिकामा," नेलिदा म्हणायची. नेलिदा चुंपितास ही प्रयोगशाळेत खत मोजणारी मुलगी, तिशीची, जिभेची तिखट. शून्यांचा तिला त्रास नव्हता. तिचं लक्ष शेवटच्या दोन दिवसांकडे होतं. पाइता बंदराच्या समोर, जिथे गरम आणि थंड प्रवाह एकमेकांच्या अंगावर येतात, तिथे पाणी काढायच्या जागांची एक रांग तिला या खेपेला मिळाली होती. तीन वर्षं मागत होती. एकदा इंधन नव्हतं, एकदा मंत्र्यांचे पाहुणे होते, एकदा पिंजरा ओढायची विंच मोडली. गरम पाण्याच्या वर्षी त्या टकरीत काय होतं, ते तिथे कुणी मोजलेलं नव्हतं.

सोमवारी मसूर-भात असतो. आमच्याकडे सोमवारी मसूर खाल्ला नाही तर आठवडा रिकामा जातो म्हणतात, आणि समुद्रावर तर कुणीच हा धोका पत्करत नाही. डॉक्टरांनी दोनदा घेतला. मग ते दात कोरत डेकवर आले आणि एकदम ओरडले. पाण्यावर हिरवट पट्टा दिसला होता त्यांना. आम्हाला तो ढगाच्या सावलीसारखा वाटला, पण आम्ही डॉक्टर नव्हतो.

"थांबवा! पिंजरा सोडा! आत्ता, आत्ता!"

जहाज थांबलं. पिंजरा गेला. भटारखान्यात फोन करायचा राहिला. ब्रिजवरच्या अधिकाऱ्याला वाटलं डेकवरून कुणी सांगितलं असेल, डेकवर वाटलं ब्रिजवरून फोन गेला असेल, आणि डॉक्टरांना त्या क्षणी काहीच वाटत नव्हतं. त्या आठवड्यात इंजिन खोकत होतं, मधूनच बंद पडत होतं. जहाज थांबल्याचं कासिमिरोला कौतुक नव्हतं. फोन नाही म्हणजे मोकळीक. त्यानं मसुराची सगळी ताटं साबणानं घासली आणि बूच उपटलं.

दुपारी नेलिदाच्या यंत्रानं वरच्या बाटलीत फॉस्फेट, म्हणजे खत, दाखवलं. भरपूर.

"एकच बाटली आहे, डॉक्टर. परत एकदा काढू या."

"पोरी, समुद्र काय तुझ्यासाठी परत परत नाचून दाखवणार?" डॉक्टर रेडिओकडे धावलेही होते. गरम पाण्याचं झाकण फाडून खत वर आलंय, नवीन जागा सापडलीय, असं किनाऱ्यावर कळलं. किनाऱ्यावरून अभिनंदन आलं. संध्याकाळी डॉक्टर चक्क भटारखान्याच्या खिडकीशी आले.

"माएस्त्रो, आज मसूर झकास झाला होता. आणि खानावळीचं मी बोललोच असं समजा."

कासिमिरोनं हात पुसला, डॉक्टरांचा हात हातात घेतला, आणि डॉक्टर गेल्यावर आमच्याकडे वळून म्हणाला, "हं. आता हसा."

थोड्या वेळानं नेलिदा चहाला आली. कप घेतला आणि पिईना.

"काय झालं पोरी?"

"माझी रांग गेली. शेवटचे दोन दिवस या नव्या जागेभोवती फिरायचंय म्हणे."

"कुठली नवी जागा?"

"दुपारी थांबलो होतो ना, जेवणानंतर? तीच."

"ते इंजिन बंद पडलं होतं."

"इंजिन कसलं, माएस्त्रो! पिंजरा सोडला होता."

कासिमिरो ओतता ओतता थांबला. किटली हातात तशीच धरून उभा राहिला, चटका बसला तेव्हा ठेवली. नेलिदा गेल्यावर त्यानं स्वच्छ असलेलं एक पातेलं पुन्हा घासायला घेतलं. एवढं आम्ही पाहिलं. बाकीचं त्यानंच नंतर सांगितलं. तो म्हणाला, जहाज दोन दिवस आपल्या खरकट्याला प्रदक्षिणा घालणार, हे डोळ्यांपुढून हलेना. आणि खानावळही हलेना.

सकाळी तो डॉक्टरांची कॉफी घेऊन स्वतः त्यांच्या केबिनमध्ये गेला.

"डॉक्टर, काल तुम्हाला जे सापडलं ना... ते माझं असावं."

"तुमचं?"

"ताटांचं साबणाचं पाणी. फोन आला नाही. मी बूच काढलं."

डॉक्टरांनी साखर घातली, ढवळली, पुन्हा ढवळली. "किती पाणी असतं हो तुमच्या सिंकात?"

"दोन बादल्या."

"आणि समुद्रात?"

कासिमिरोनं सांडलेली साखर पुसली.

"किनाऱ्यावर कळवून झालंय, माएस्त्रो. वर बसलेल्या लोकांना मी काय सांगू, मसूर होता? दोन दिवस पाणी काढू, जे असेल ते दिसेल. तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही. खानावळ हवीय ना?"

म्हणजे खरंही बोलून झालं आणि जागाही शाबूत राहिली. इतका स्वस्त सौदा कासिमिरोला जन्मात मिळाला नव्हता, आणि म्हणूनच बहुतेक तो त्याला पचेना. त्यानंतरच्या दोन दिवसांत तो मीठ घालायला दोनदा विसरला. फोन मात्र एकही चुकला नाही. "माएस्त्रो, बूच!" "माएस्त्रो, बूच!" ब्रिजवरचा अधिकारी इतक्या आवेशानं ओरडायचा, की जणू मागचा न केलेला फोनही आत्ताच भरून काढतोय. पिंजरा जात होता, येत होता. नेलिदा आकडे वाचत होती. शून्य. शून्य. शून्य. डॉक्टर तिच्या पाठीशी उभे राहून यंत्राला दोष देत होते, मग तिला, मग वाऱ्याला.

बुधवारी दुपारी डॉक्टरांनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत जमवलं.

"सोमवारचा नमुना दूषित होता," ते म्हणाले. "भटारखान्याच्या पाण्यानं. नियम मोडून बूच काढलं गेलं आणि ते लपवलं गेलं. मला अतिशय खेद होतो."

कासिमिरो वाढायच्या खिडकीत डाव घेऊन उभा होता. बावीस वर्षांत बैठकीत तो कधी बोलला नव्हता. बैठक चालू असली की त्याचं काम भात गरम ठेवणं.

"लपवलं नाही," तो म्हणाला. "मी तुम्हाला मंगळवारी सकाळी सांगितलं. तुमच्या केबिनमध्ये."

"मला?" डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "माएस्त्रो, मी बसल्या बसल्या दिवसभरात किती जणांचं किती ऐकतो."

"तुम्ही साखर घालत होतात."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. कॅप्टन खिडकीबाहेर पाहत होता, जणू तिकडे काही बघण्यासारखं होतं. ब्रिजवरचा अधिकारी नखं तपासत होता.

"फोन का गेला नाही?" नेलिदानं त्याच्याकडे बघूनच विचारलं.

"त्याची चौकशी बंदरात होईल," कॅप्टन म्हणाला.

"म्हणजे होणार नाही."

"चुंपितास, जरा जपून."

ती जपली नाही. पण ती कॅप्टनकडे वळली नाही, डॉक्टरांकडेही नाही. ती वाढायच्या खिडकीकडे वळली. "माएस्त्रो, मंगळवारी अजून वळता आलं असतं. माझी रांग वाचली असती. तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

हा प्रश्न त्याला डॉक्टरांच्या शब्दांपेक्षा जास्त लागला, कारण तो रास्त होता. त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. प्रमुखांना सांगितलं की झालं, असं म्हणता आलं असतं, आणि आम्ही मान डोलावली असती.

"खानावळ," कासिमिरो म्हणाला. "ती हवी होती मला."

 शिवी द्यायला उघडलेलं तोंड नेलिदानं मिटलं.

मग जेवायची वेळ झाली, आणि बैठक कशीही संपो, जेवायची वेळ होतेच. कासिमिरोनं वाढायला सुरुवात केली. डॉक्टरांचं ताट आलं, तेव्हा आम्ही सगळे डावाकडे बघत होतो. त्यानं कोंबडीचा चांगला तुकडा शोधून घातला, वर रस्सा, भात नेहमीएवढा. एक शीतही कमी नाही. डॉक्टर "थोडं कमी" म्हणाले, तर म्हणाला, "जेवा, डॉक्टर. तुम्ही दोनदा घेता." नेलिदानं ताट घेतलं आणि डेकवर जाऊन, दोरांच्या वेटोळ्यावर बसून सगळं संपवलं. धुवायला टाकताना म्हणाली, "मीठ आज बरोबर आहे." तेवढंच.

तर या सगळ्याचा भुर्दंड कुणी किती भरला?

डॉक्टरांनी पुढच्या वर्षी लीमाच्या एका परिषदेत नमुने दूषित कसे होतात यावर भाषण दिलं. ते फार नावाजलं गेलं असं ऐकतो. कॅप्टननं काही भरलं नाही. कॅप्टन भरत नसतात. ब्रिजवरच्या अधिकाऱ्याला मोठं जहाज मिळालं. नेलिदाची रांग गेली, आणि पुन्हा जहाज मिळालं तोवर गरम पाणी ओसरून गेलं होतं. जे मोजायचं होतं तेच तिथे उरलं नव्हतं. ती जाऊन आली, थंड पाणी मोजून आली. खानावळीत कुणाचा तरी मेव्हणा बसला, त्याचा भात चिकट होतो. कासिमिरो अजून आमच्या जहाजावर आहे. फोन आला की हाताची घडी घालतो. खानावळीचं नाव काढत नाही, आणि आम्हीही काढत नाही.

राहिली दोमितिला, त्याची बायको. ती या जहाजावर कधी चढली नाही, तिला कुणी काही विचारलं नाही. सफर सुटायच्या आदल्या आठवड्यातच तिनं बाजारात कोळणींना, भाजीवालीला, कोपऱ्यावरच्या पाववाल्याला सांगून टाकलं होतं, आता आमचे घरी असणार. आता ती त्या बाजारात जात नाही. शनिवारी पिशवी घेऊन बसमध्ये बसते, चार थांबे पुढे उतरते, आणि जिथे तिला कुणी ओळखत नाही तिथून मासळी आणते.